रिकाम्या जागा भरताना

कापडे बुद्रुक आणि कापडे खुर्द ही पोलादपूर तालुक्यातली दोन गावं. दोन्हींकडच्या सातबाऱ्याचा नमुना एकच. गाव, गट, खातेदार तेवढे वेगळे. सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवताना कॉन्फिग फाइलचंही असंच करायला हवं, हे आमच्या व्यवसायात रुजायला मात्र फार वर्षं गेली.

वाट तशी जुनी होती. नमुना-फाइलीत दोन अ‍ॅट-चिन्हांच्या मध्ये नाव लिहायचं आणि बिल्डच्या वेळी तिथे खरी व्हॅल्यू घालायची, ही रीत 1991 च्या ऑटोकॉन्फने रुळवली. पुढे अँटनेही तीच खूण उचलली. पण भरणी बिल्डमध्येच झाल्यामुळे टेस्टचं पॅकेज वेगळं, प्रॉडक्शनचं वेगळं. मग जे तपासलं तेच लोकांपर्यंत गेलं, हे छातीठोकपणे कसं सांगायचं? 2010 मध्ये जेझ हंबल आणि डेव्हिड फार्ली यांनी ‘कंटिन्युअस डिलिव्हरी’ या पुस्तकात आग्रह धरला की पॅकेज एकदाच बांधा आणि तेच सगळीकडे न्या. 2011 च्या सुमारास हेरोकूच्या अ‍ॅडम विगिन्स यांनी ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर’मध्ये व्हॅल्यू कोडबाहेर, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवायला सांगितलं. या सबंध काळातलं सर्वांत मोठं पाऊल मला हेच वाटतं.

प्रत्यक्ष भरणी मात्र कितीतरी ठिकाणी सेडच्या एका ओळीवर चालायची. पासवर्डमध्ये तिरकी रेघ आली की ती ओळ मोडायची. अँपरसँड आला तर त्याच्या जागी मूळ खूणच पुन्हा उमटायची, तीही मुकाट्याने. याच कामाच्या एन्व्हसब्स्टची खोड याहून वाईट: व्हेरिएबल सापडलं नाही, तर तो जागा रिकामी सोडून पुढे जातो. एनजिनएक्सच्या फाइलीत डॉलर लावून लिहिलेलं ‘होस्ट’ हे एनजिनएक्सचं स्वतःचं व्हेरिएबल. एन्व्हसब्स्ट तेही पुसून टाकतो. म्हणून कोणती नावं भरायची, याची यादीच त्याच्या हाती द्यावी लागते.

2012 मध्ये अ‍ॅन्सिबल आलं, जिंजाचे दुहेरी महिरपी कंस आले आणि व्हॅल्यू यामलमध्ये गेल्या. तिथला सापळा आमच्या भागातल्या एसटीडी कोडांवरच दाखवता येतो. महाडचा 02145, पोलादपूरचा 02191. यामल 1.1 मध्ये शून्याने सुरू होणारा आणि पुढे फक्त 0 ते 7 हेच अंक असलेला आकडा अष्टमान पद्धतीतला धरला जातो. अवतरणचिन्हं घालायची राहिली, की महाडचा कोड 1125 होतो. पोलादपूरच्या कोडात 9 आहे आणि अष्टमानात 9 नसतो, म्हणून अ‍ॅन्सिबलमध्ये तो जसाच्या तसा टिकतो. टेस्टसाठी कापड्याची नोंद घेतली तर सगळं बिनचूक दिसणार आणि महाडच्या नोंदी मात्र चुकणार. अशी चूक शोधायला अख्खा दिवस जाऊ शकतो, कारण कुठेही एरर येत नाही.

2019 च्या हेल्म 3 मध्ये व्हॅल्यूंच्या फाइलीला स्कीमा जोडता येऊ लागला. एसटीडी कोड हवाच आणि तो मजकूर म्हणूनच हवा, असं त्यात लिहिलं, की जागा रिकामी राहिली किंवा मजकुराऐवजी आकडा आला तरी इन्स्टॉल तिथल्या तिथे थांबतं आणि कोणती व्हॅल्यू चुकली तेही सांगतं.