दुकानदाराची वही आणि घरचे हुलगे

घरभेटीला गेलो की दुकानदाराच्या उधारीचा विषय निघतोच. ती वही एकदा शांतपणे वाचावी. मुलांच्या बिस्किटांचे पुडे तीत किती वेळा आले आहेत, ते मोजावे. शंभर ग्रॅम बिस्किटांत प्रथिने सुमारे ७ ग्रॅम. तेवढ्याच शेंगदाण्यांत २५. भुईमूग तर आपल्या बेळगाव भागातच पिकतो. हुलग्यांत २२ ग्रॅम, म्हणजे तूरडाळीइतकीच, आणि ते बहुधा स्वस्त पडतात. गुरांचे खाणे म्हणून पुष्कळजण नाक मुरडतात; मीही पूर्वी मुरडत असे. रात्री भिजवून, मोड आणून शिजवावेत. जोडीला ज्वारीची भाकरी असली की दोन्हींतली प्रथिने एकमेकांची उणीव भरून काढतात. फक्त आमटीतले दाणे मुलांना आणि पुरुषांना जातात, आईला नुसते पाणी उरते. तिची वाटी आधी भरून ठेवावी.