हातोड्याचा हंगाम

दिल्लीत २००८ पासून आणि मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२३ पासून कलामेळे भरू लागले, त्यांच्या मागेपुढे लिलावगृहांच्या याद्या निघू लागल्या, आणि एरवी चित्रकलेविषयी चकार शब्द न काढणारी वृत्तपत्रेही त्या दिवसांत कोटींचे आकडे छापू लागली, हे चिपळुणात बसून पाहणाऱ्याला वाशीच्या बाजारातील हापूसच्या पहिल्या पेटीची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्या पेटीचा भाव गाजतो, परंतु बागायतदाराची पट्टी ठरते ती मागाहून जाणाऱ्या पेट्यांवर.

चित्रांच्या या बाजाराची वृत्ती गेल्या पाव शतकात वारंवार पालटली. २००५ साली न्यूयॉर्कच्या लिलावात तय्यब मेहतांच्या ‘महिषासुर’ने दहा लाख डॉलरांचा टप्पा ओलांडला आणि चित्र पाहण्याआधीच ते कधी विकावे याचा हिशेब मांडणारा एक वर्ग उदयास आला, २००८ च्या मंदीत त्या वर्गाची रसिकता पाहता पाहता ओसरली. पुढे १९ डिसेंबर २०१३ रोजी क्रिस्टीजने भारतातील आपला पहिला लिलाव मुंबईत पुकारला, तेव्हा दिल्लीच्या निजामुद्दीनमधील लहानशा बिऱ्हाडात निःसंगपणे राहिलेल्या आणि २००१ मध्ये निवर्तलेल्या वासुदेव गायतोंडे यांच्या चित्राला २३.७ कोटी रुपये आले. मार्च २०२१ मध्ये त्यांचेच दुसरे एक चित्र चाळीस कोटींच्या घरात गेले. तिकडे बोली अशी चढत असताना इकडे त्याच वर्षी २२ जुलैला पुरात वाशिष्ठी नदी चिपळूणच्या आमच्या बाजारपेठेत शिरली आणि १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची ग्रंथसंपदा चिखलात गेली. मार्च २०२५ मध्ये हुसेन यांच्या ‘ग्रामयात्रे’ला सुमारे ११८ कोटी मिळाले; हे चित्र कित्येक दशके नॉर्वेतील एका रुग्णालयात टांगलेले होते!

हुसेन, रझा, सूझा यांच्यासह १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापणाऱ्या सहा जणांपैकी शिल्पकार सदानंद बाकरे १९५१ मध्ये लंडनला गेले, आणि सत्तरच्या दशकात परतून आमच्याच जिल्ह्यातील मुरूड-हर्णैस जे स्थायिक झाले ते डिसेंबर २००७ मध्ये तेथेच निवर्तले. सहकाऱ्यांच्या नावांवर बोली चढत असताना हा माणूस समुद्राकाठी राहत होता. जिल्ह्यातील किती चित्रकला-शिक्षकांनी मुलांना त्यांच्या दारी नेले, हे विचारण्यात आता हशील नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये कलाकृतींवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि विकणारे व घेणारे दोघेही संतुष्ट झाले. परंतु कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने घातलेल्या ५३-अ कलमात, दहा हजार रुपयांवरील पुनर्विक्रीतून मूळ कलावंताला वा त्याच्या वारसांना दहा टक्क्यांपर्यंत हिस्सा देण्याची जी तजवीज आहे, तिची अंमलबजावणी क्वचितच दृष्टीस पडते. चिपळूणजवळच्या सावर्ड्याच्या कला महाविद्यालयातून बाहेर पडणारा मुलगा आपली पहिली चित्रे मिळेल त्या दामाला देऊन टाकतो. उद्या तीच चित्रे हातोड्याखाली आली तर त्याच्या पदरी काही पडावे, एवढ्यासाठी तरी सरकारने हे कलम दप्तरातून बाहेर काढून अमलात आणावे.