अवयवदान : फॉर्म भरला म्हणजे झालं का?

ऑगस्ट आला की अवयवदानाचे फलक लागतात, महाविद्यालयांच्या रॅली निघतात, एखादं गणेश मंडळ देखाव्यासाठी हा विषय घेतं. ३ ऑगस्ट हा आपला अवयवदान दिन. १९९४ साली याच तारखेला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं. दरवर्षी या निमित्ताने नवे स्वयंसेवक कामाला लागतात. पहिल्या दोन-तीन सभांतच त्यांना कळतं की, ठाम विरोध करणारे लोक थोडे असतात, अर्धवट ऐकून गोंधळलेले मात्र खूप. म्हणून सभेत हमखास निघणाऱ्या प्रश्नांची उत्तरं आपल्याला स्वच्छ ठाऊक हवीत.

सगळ्यात मोठा गोंधळ असा की, अवयवदान, नेत्रदान आणि देहदान ही एकाच गोष्टीची नावं आहेत असं लोक धरून चालतात. घरी वृद्धापकाळाने गेलेल्या आजोबांच्या किडन्या द्यायच्या म्हणून कुटुंबं मनापासून फोन करतात. ते शक्य नसतं. हृदय थांबलं की अवयवांचा रक्तपुरवठा तुटतो आणि ते वेगाने निकामी होतात. हृदय, फुप्फुसं, यकृत, मूत्रपिंडं, स्वादुपिंड, आतडं हे अवयव आपल्याकडे प्रामुख्याने अतिदक्षता विभागात, व्हेंटिलेटरवर असताना मेंदू मृत झालेल्या व्यक्तीचेच घेता येतात. असा मृत्यू बहुतेक वेळा अपघातातला डोक्याचा मार किंवा मेंदूतला रक्तस्राव यांमुळे येतो. ही वेळ फार थोड्यांवर येते, पण त्यातला एक दाता आठ जणांचे प्राण वाचवू शकतो.

आजोबांच्या घरच्यांना मात्र 'नाही' एवढंच सांगून फोन ठेवू नका. घरी मृत्यू आला तरी साधारण सहा तासांच्या आत डोळे आणि त्वचा देता येते. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, मधुमेह होता, वय पंच्याऐंशी होतं, यांतलं काहीही सहसा आड येत नाही. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, रेबीज, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग अशा कारणांनी नकार मिळू शकतो आणि तो निर्णय नेत्रपेढीचे डॉक्टर घेतात. तोवर घरच्यांनी पापण्या नीट मिटवाव्यात, त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्यात, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी द्यावी आणि डॉक्टरांकडून मृत्यूचा दाखला तयार ठेवावा. नेत्रपेढीचं पथक घरी येतं, त्यांचं काम पंधरा-वीस मिनिटांत उरकतं. प्रत्यारोपण फक्त पारपटलाचं, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचं होतं.

त्वचादानाचं नाव काढलं की लोक दचकतात. सगळी कातडी सोलून काढतात असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात मांड्या, पाय आणि पाठीवरचा एक पातळ थर तेवढा घेतात. रक्त वाहत नाही, वर पट्टी बांधतात आणि अंगावर कपडे घातले की काही कळतही नाही. ही त्वचा ग्लिसरॉलमध्ये, थंड तापमानात काही वर्षं टिकते. मोठ्या प्रमाणात भाजलेल्या माणसाच्या उघड्या जखमेवर ती लावतात, तेव्हा रक्तगटसुद्धा जुळवावा लागत नाही. काही आठवड्यांनी ती गळून पडते. पण तेवढ्या दिवसांत जंतुसंसर्ग रोखला जातो, अंगातलं पाणी टिकतं आणि रुग्ण स्वतःची त्वचा भरून येईपर्यंत तग धरतो. मुंबईत शीवच्या महापालिका रुग्णालयात २००० सालापासून त्वचापेढी आहे. नेत्रदानाच्या मानाने या दानाबद्दल फार कमी बोललं जातं. स्वयंसेवकांनी मुद्दाम बोलावं असा हा विषय आहे.

देहदान आणखी वेगळं. ते वैद्यकीय महाविद्यालयातल्या शरीररचनाशास्त्राच्या अभ्यासासाठी असतं. नेत्रदानानंतर देहदान करता येतं. पोटातले, छातीतले अवयव काढल्यावर किंवा शवविच्छेदन झाल्यावर महाविद्यालयं सहसा देह स्वीकारत नाहीत. म्हणून "मी देहदानाचा फॉर्म भरलाय, म्हणजे सगळंच आलं" असं कुणी म्हणालं तर त्यांना हा फरक नीट समजावून सांगा.

आता सर्वांत नाजूक प्रश्न. "हृदय धडधडतंय, अंग गरम आहे, मग माणूस मेला कसा?" हा प्रश्न विचारणाऱ्याला अडाणी समजू नका. डोळ्यांना दिसतं तसंच तो विचारतोय. हृदयाच्या ठोक्यांची प्रेरणा हृदयातच तयार होते. व्हेंटिलेटर प्राणवायू पुरवत असेल तोवर ते काही काळ चालू राहतं. श्वास मात्र मेंदूच्या खोडातून चालतो. ते खोड मेलं की स्वतःचा श्वास पुन्हा कधीच येत नाही. कोमात असं नसतं, तिथे मेंदू जिवंत असतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग यांचं उदाहरण सभेत हमखास निघतं. १९७३ च्या हल्ल्यानंतर त्या जवळपास ४२ वर्षं अंथरुणावर होत्या. पण त्यांचा श्वास स्वतःचा होता, त्या ब्रेन डेड नव्हत्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालातही हा फरक स्पष्ट केलेला आहे.

मेंदूमृत्यूची खात्री एकट्या डॉक्टरच्या शब्दावर होत नाही. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करतं. प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातला कुणीही त्या मंडळात नसतो. बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद देतात का, घशात नळी हलवली की ठसका येतो का, हे पाहतात. व्हेंटिलेटर काढून, प्राणवायू चालू ठेवून रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात आणि छाती एकदा तरी हलते का ते पाहतात. अशा रुग्णाचं बोट किंवा हात क्वचित हलतो. ती मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया असते. नातेवाइकांच्या मनात शंकेचं घर होतं ते नेमकं इथेच. त्यामुळे हे आधीच, शांत वेळी ऐकलेलं असणं फार मोलाचं ठरतं.

"श्रीमंतांना मिळतात हो अवयव" हा आरोपही ऐकावा लागतो. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांकडे प्रतीक्षा यादी असते. नाव रुग्णालयामार्फत नोंदवलं जातं, अवयव रक्तगट, निकड, प्रतीक्षेचा काळ अशा निकषांवर दिला जातो. खरेदी-विक्रीला पाच ते दहा वर्षं कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड आहे. "अपघातातल्या रुग्णांच्या चार किडन्या उपलब्ध आहेत, गरजूंनी संपर्क करा" असा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरतोय. तो खोटा आहे, हे तो वाचतानाच कळायला हवं. किडनी अशी जाहिरात देऊन कधीच दिली जात नाही. तुमच्या ग्रुपवर तो आला तर तिथेच खोडून काढा. हेही जनजागृतीचंच काम आहे.

खर्चाची भीतीही घालवा. संमती दिल्यावर अवयव टिकवण्याचा आणि काढण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबावर टाकता येत नाही. पार्थिव नीट शिवून, सन्मानाने परत मिळतं आणि अंत्यसंस्कार नेहमीसारखे होतात. अपघाती मृत्यूत पोलिसांची परवानगी लागते, आणि अशा वेळी शवविच्छेदन तर होणारच असतं.

धर्माचा प्रश्न निघाला तर वाद घालू नका. पुढच्या जन्मी आंधळेपण येईल, ही भीती घालवायला आपल्याच परंपरेत दधीची ऋषींची कथा आहे. गावात हे एखाद्या कीर्तनकाराने सांगितलं तर आपल्या तासाभराच्या भाषणापेक्षा जास्त पोचतं.

शेवटचा गैरसमज आपला, स्वयंसेवकांचाच. दिवसभरात दोनशे फॉर्म भरून घेतले की शिबिर यशस्वी झालं, असं आपण मानतो. २०२३ पासून आधार क्रमांक वापरून ऑनलाइन प्रतिज्ञा घेता येते, ती जरूर घ्यावी. पण प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या पत्नीला, आईला, मुलाला विचारलं जातं. त्यांनी नकार दिला तर डोनर कार्ड पाकिटातच राहतं. २०२३ मध्ये देशात १८ हजारांहून अधिक प्रत्यारोपणं झाली, पण त्यातले बहुतेक दाते जिवंत नातेवाईक होते. मरणोत्तर अवयवदात्यांनी हजाराचा आकडा त्या वर्षी पहिल्यांदाच ओलांडला. दहा लाख लोकसंख्येमागे आपल्याकडे एक दाताही भरत नाही. स्पेनमध्ये हाच आकडा चाळिशीच्या वर आहे.

आपली मर्यादाही ओळखून असा. अतिदक्षता विभागाबाहेरच्या नातेवाइकांची समजूत काढायला स्वयंसेवकाने जाऊ नये. ते काम प्रशिक्षित प्रत्यारोपण समन्वयकाचं आहे. पैसे, नोकरी, फी माफी असलं कसलंही आश्वासन देऊ नका. दात्याची आणि अवयव मिळालेल्याची ओळख परस्पर समाजमाध्यमांवर जाहीर करू नका.

आपलं काम त्या रात्रीच्या कितीतरी आधीचं आहे. पुढच्या शिबिरात फॉर्म पुढे करण्याआधी समोरच्याला विचारा, घरी सांगितलंय का? सांगितलं नसेल तर फॉर्म घरी न्यायला सांगा. तो सगळ्यांसमोर वाचून, सही करून आणू द्या. जवळच्या नेत्रपेढीचा क्रमांक आणि नोटो या राष्ट्रीय संस्थेचा चोवीस तास चालणारा टोल फ्री क्रमांक, १८०० ११ ४७७०, त्यांना लिहून द्या. आणि तुम्ही स्वतः अजून घरी बोलला नसाल, तर आधी तुमच्या घरी बोला.