लंगडणारा मुका जीव
(कुत्र्या-मांजरांची हाडे, सांधे व त्यांवरील उपचार)

स्मरणिकेत बाजारभाव, करआकारणी व पेठेचा इतिहास यांवर लेख येतात. त्यांच्या शेजारी कुत्र्या-मांजरांच्या सांध्यांवरील लेख पाहून काही सभासदांस नवल वाटेल. परंतु रविवार पेठेतील कोणत्याही गुदामावर नजर टाकावी, राखणीचा कुत्रा तेथे असावयाचाच. मांजर तर न बोलावता येऊन राहते. अलीकडे घरोघरी लॅब्रॅडॉर, अल्सेशियन, पामेरियनही आले आहेत. ह्यांपैकी एखादा प्राणी लंगडू लागला की घरातील मंडळी म्हणतात, "वय झाले, चालायचेच." हे उत्तर बहुधा चुकीचे असते, आणि त्याची किंमत त्या मुक्या जिवास भरावी लागते, असे आमचे मत झाले आहे. पशुवैद्यांस विचारून व वाचून जे समजले ते येथे मांडीत आहोत.

आणखी एक कारण आहे. पाश्चात्त्य देशांत असाध्य वेदनेत असलेल्या पाळीव प्राण्यास औषधाने कायमचे निजविण्याची रीत आहे. आपल्या घरांतून ती रीत नाही. पंगू जनावरासाठी आपल्या वाडवडिलांनी पांजरपोळ उभारले. मग त्या प्राण्याने उरलेली वर्षे कशी काढावयाची, हा प्रश्न आपल्यावर इतरांपेक्षा अधिक जोराने येऊन पडतो. जीव राखला आणि वेदना तशीच ठेवली, तर काम अर्धेच झाले.

लंगडणे हा स्वतः रोग नव्हे. ते आतील बिघाडाचे लक्षण आहे. तो बिघाड मुख्यतः तीन ठिकाणी असतो : हाडात, हाडांना जखडून ठेवणाऱ्या अस्थिबंधात, किंवा प्रत्यक्ष सांध्यात. ह्या तिन्हींचे उपचार वेगळे आहेत. म्हणून हाताने तपासणी व क्ष-किरण चित्र झाल्यावाचून केवळ तेल चोळीत बसणे योग्य नाही.

प्रथम हाड. रस्त्यावर मोटारीचा धक्का लागणे किंवा गच्चीवरून पडणे ही हाड मोडण्याची नेहमीची कारणे होत. माणसास प्लास्टर घालून अंथरुणात निजविता येते. कुत्रा ते प्लास्टर दातांनी फाडून टाकतो. ह्या अडचणीवर ओटो स्टेडर नावाच्या अमेरिकन पशुवैद्याने १९३० नंतरच्या दशकात एक युक्ती काढली. मोडलेल्या जागेच्या वर व खाली हाडात धातूच्या सळया बसवून त्या कातडीबाहेर एका दांड्याने जोडावयाच्या, म्हणजे हाड जागचे हलत नाही आणि प्राणी हिंडूफिरू शकतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाने हेच साधन जखमी खलाशांसाठी वापरले. कुत्र्यासाठी निघालेला उपाय अशा रीतीने माणसाच्या कामी आला. पुढे १९५८ साली स्वित्झर्लंडमधील शल्यवैद्यांनी पट्टी व स्क्रू यांनी हाड घट्ट जोडण्याचे शास्त्र पद्धतशीर केले, आणि आज त्याच तत्त्वाने लहानशा मांजराचे हाडही सांधले जाते.

दुसरा अस्थिबंध. मोठ्या कुत्र्याचा मागचा पाय एकाएकी उचललेला दिसला, तो केवळ बोटे टेकवून उभा राहू लागला, बसताना तो पाय बाजूस टाकू लागला, तर गुडघ्यातील आडवा अस्थिबंध तुटल्याचा संशय घ्यावा. हे का घडते ते आपल्या पेठेतील दृष्टान्ताने समजेल. उतारावर भरलेली हातगाडी उभी केली आहे आणि ती घसरू नये म्हणून दोरीने बांधली आहे, अशी कल्पना करावी. कुत्र्याच्या नडगीच्या हाडाचा माथा सपाट नसतो. तो मागील बाजूस सुमारे २५ अंशांनी उतरता असतो. मांडीचे हाड ही गाडी व अस्थिबंध ही दोरी. पावलागणिक दोरीवर ताण येतो, तिचा एकेक तंतू झिजतो आणि एखाद्या दिवशी साध्या उडीनेही ती तुटते. धन्यास वाटते, आजच लचक भरली. वास्तविक झीज पुष्कळ दिवसांची असते.

पूर्वी सर्व शल्यवैद्य तुटलेल्या दोरीच्या जागी नवी दोरी घालण्याचा यत्न करीत. लहान कुत्र्यांत ती पद्धत आजही उपयोगी पडते. अमेरिकेतील बार्कले स्लोकम या पशुशल्यवैद्याने निराळा विचार केला व १९९३ साली तो प्रसिद्ध केला. गाडी घसरते ती उतारामुळे, तेव्हा उतारच काढून टाकावा! नडगीच्या हाडाचा माथा गोलाकार करवतीने कापून तो फिरवावयाचा, उतार सुमारे ५ अंशांवर आणावयाचा, आणि पट्टी व स्क्रू लावून तेथे पक्का करावयाचा. दोरी नसली तरी गाडी जागेवर राहते. मोठ्या कुत्र्यांसाठी ही शस्त्रक्रिया आता जगभर केली जाते.

मात्र प्रत्येक कुत्र्यास सुरी लावावी असे नाही. १९८४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेवाचून केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या कुत्र्यांचा हिशेब दिला आहे. १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या कुत्र्यांत शंभरांपैकी सुमारे ८५ सुधारले. त्याहून जड कुत्र्यांत सुमारे १९. म्हणजे निर्णय पुष्कळसा वजनकाट्यावर अवलंबून आहे.

तिसरा सांधा. अल्सेशियन, लॅब्रॅडॉर यांसारख्या मोठ्या जातींत खुब्याचा दोष आढळतो. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत नीट बसत नाही. तो हलत राहतो, त्यामुळे गुळगुळीत कूर्चा घासली जाते आणि सांधा सुजून ताठरतो. अमेरिकेतील श्नेल या पशुवैद्याने १९३५ साली ह्या दोषाचे वर्णन केले. तो बऱ्याच अंशी वंशपरंपरेने येतो. म्हणून पिलू विकत घेताना त्याच्या रंगाची व कानांची जितकी चौकशी करतो, तितकी त्याच्या आईबापांच्या खुब्याच्या क्ष-किरण चित्रांची करावी. आणखी एक गोष्ट : मोठ्या जातीच्या पिलास हाडे बळकट व्हावीत म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या मनाने देऊ नयेत. तयार संतुलित अन्नावर वाढणाऱ्या पिलास वरून दिलेले जादा कॅल्शियम हाडांची वाढ बिघडवते.

खुबा फारच बिघडला तर दोन मार्ग आहेत. एक, हाडाचा गोळा कापून काढणे. मग स्नायू व तंतूंचा कामचलाऊ सांधा तयार होतो. हलक्या कुत्र्यांत व मांजरांत ह्याचा चांगला उपयोग होतो. दुसरा, संपूर्ण कृत्रिम सांधा बसविणे. माणसांतील यशानंतर १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत कुत्र्यांसाठी हा उपाय चालू झाला. ज्या सांध्याची हालचाल वाचविणे शक्यच नाही, तो एका सोयीच्या स्थितीत कायमचा जखडून टाकतात. हालचाल जाते, पण वेदनाही जाते.

येथे वेळेचे महत्त्व ध्यानात घ्यावे. कैलासवासी रतन टाटा यांनी आपल्या कुत्र्याची हकीकत स्वतः सांगितली होती. सांधा बदलण्यासाठी त्यास अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात नेले. परंतु उशीर झालेला असल्यामुळे तेथील वैद्यांस सांधा जखडण्यावरच थांबावे लागले. साधनांची उणीव नसलेल्या घरीही गेलेली वेळ विकत मिळाली नाही. २०२४ च्या जुलैत मुंबईस महालक्ष्मी येथे टाटांचे लहान प्राण्यांचे रुग्णालय उघडले. त्याच वर्षी ऑक्टोबरात टाटा निवर्तले.

आता आमच्या धंद्यास जवळचा भाग, म्हणजे धान्य. सांध्यांवरील सर्वांत स्वस्त औषध वाटीत आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिलांच्या जोड्या करून त्यांस जन्मभर निरखण्यात आले. प्रत्येक जोडीतील एकास दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिले. २००२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : अधिक खाणाऱ्यांचे मध्यम आयुष्य ११·२ वर्षे, कमी खाणाऱ्यांचे १३ वर्षे, आणि कमी खाणाऱ्यांत सांध्यांचा विकारही पुष्कळ उशिरा आला. चारांतील एक वाटी कमी केली आणि जवळजवळ दोन वर्षे जमेस पडली! असा नफा आम्ही कोणत्याही हंगामात पाहिला नाही. आपल्या घरांत तूप लावलेली पोळी, शिरा, पेढा असा लाडाचा घास चारी बाजूंनी जातो. तो प्रेमाचा असला तरी गुडघ्यास भारच होतो. कुत्र्यास उचलून गुदामाच्या काट्यावर उभे राहावे, मग एकट्याने उभे राहावे. वजाबाकी करून दरमहा वहीत टिपावे. बरगड्या हातास सहज लागल्या पाहिजेत व वरून पाहता कंबर दिसली पाहिजे.

मांजराविषयी वेगळे सांगणे अवश्य आहे, कारण ते दुखणे लपविते आणि क्वचितच लंगडते. २००२ सालच्या एका अमेरिकन पाहणीत १२ वर्षांवरील १०० मांजरांच्या क्ष-किरण चित्रांत ९० मांजरांस सांध्यांची झीज आढळली. फळीवर उडी न मारणे, पाठीचे केस न चाटल्यामुळे गुंतणे, नखे वाढणे, नेहमीची जागा सोडून घाण करणे ही त्याची लक्षणे होत. "मांजर आळशी झाले" असे म्हणून ती सोडून देऊ नयेत.

आणि हा इशारा प्रत्येक गृहिणीने लक्षात ठेवावा : घरातील पॅरासिटामॉलची गोळी मांजरास कदापि देऊ नये. मांजराचे यकृत तिचा निचरा करू शकत नाही; रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती नष्ट होते आणि एका गोळीनेही प्राण जातो. कुत्र्यास आयबुप्रोफेन दिल्यास जठरात व्रण पडतात व मूत्रपिंडे निकामी होतात. प्राण्यांसाठी वेदनाशामके आहेत. पण ती पशुवैद्याने वजन व रक्त तपासूनच द्यावयाची.

शस्त्रक्रिया करविण्यापूर्वी धन्याने चार प्रश्न विचारावेत. बिघाड नेमका कोठे आहे? शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल? ही शस्त्रक्रिया आपण किती वेळा केली आहे? नंतरची शुश्रूषा आमच्याकडून होईल काय? हा शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. हाड जुळण्यास सुमारे आठ आठवडे लागतात. तेवढे दिवस पट्टा बांधून थोडेच फिरविणे, जिना व उड्या बंद आणि जखम चाटू न देणे, इतका संयम घरच्या मुलांनीही पाळावा लागतो. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो. तेथे जुनी गोणपाटे अंथरावीत. ती आपल्यापाशी हवी तितकी असतात.

खर्चाची बाब खरी आहे आणि ती लपविण्यात अर्थ नाही. सर्वांस मोठी शस्त्रक्रिया परवडेलच असे नाही. परंतु पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतून जाणते शल्यवैद्य असतात. मुंबईस परळचे महाविद्यालय १८८६ पासून आहे, बंगळूरास हेब्बाळचे आहे. आणि वजन आटोक्यात ठेवणे, योग्य वेदनाशामक, मऊ अंथरूण व बेताचे फिरणे एवढे तर प्रत्येक घरास साधण्यासारखे आहे. वयस्क प्राण्याचे दुखणे पुष्कळदा एवढ्यानेच सुसह्य होते.

सारांश, लंगडणे दोन दिवसांत थांबले नाही तर पशुवैद्य गाठावा. आणि पाय मुळीच टेकत नसेल किंवा मोडल्याचा संशय असेल, तर त्याच दिवशी गाठावा. गुदामाची राखण करणाऱ्या जिवाने आपल्या मालाची काळजी वर्षानुवर्षे वाहिलेली असते. त्याच्या पायाची काळजी आपण वेळेवर वाहावी, एवढेच आमचे सभासद बंधु-भगिनींस सांगणे आहे.