अर्धांगवायूनंतर मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या

वसईच्या केळीच्या वाडीत थोरला पाट पाचोळ्याने तुंबला, की मधली केळ आधी मान टाकते. कडेची शेजारच्या ओलीवर तग धरते. अर्धांगवायूत मेंदूचे असेच होते. बहुतेक वेळा रोहिणीत रक्ताची गुठळी अडकते. मधला भाग काही मिनिटांत मरू लागतो, भोवतालचा काही तास जीव धरून असतो.

गुठळी विरघळली की काम झाले, असे तुम्ही म्हणाल. तसे नाही. केशवाहिन्यांना विळखा घालून काही पेशी असतात. रक्त तुटले की त्या आवळतात आणि पुष्कळदा तशाच राहतात. थोरला पाट मोकळा, पण बारीक पाट बंद! शिवाय वाहिन्यांच्या भिंती पाझरू लागतात, मेंदू सुजतो. म्हणून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन, आधी मेंदूचा फोटो काढून, साधारण साडेचार तासांच्या आत देतात. उशिरा दिले तर रक्तस्रावाची भीती वाढते. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, जीभ अडखळली, तर उजाडण्याची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. अंगारा, मालीश यांत तास घालवू नका.

पुढे काही दिवसांत मेलेल्या भागाच्या कडेला नव्या केशवाहिन्या फुटू लागतात, केळीच्या बुडाशी मुनवे फुटावेत तशा. कोवळेपणी त्या पाझरतात, मग पक्क्या होतात. मेलेल्या पेशी त्यांनी उठत नाहीत. पण जगलेल्या शेजारणींना त्या रक्त पुरवतात आणि त्यांतल्या काही गेलेल्यांचे काम शिकतात. हे शिकणे पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जोमाने चालते. तेव्हा महिना झाला, वडिलांचा हात अजून उठत नाही, म्हणून व्यायाम थांबवू नका. वाटी उचलणे, सदऱ्याचे बटण लावणे, हेही त्यांच्याकडून रोज करवून घ्या.