मानसशास्त्राची पदवी : कोणती आणि कशासाठी?

बारावीचा निकाल लागला की नांदेड आणि लातूर या दोन शहरांत दुसरा विषयच उरत नाही. ‘नीट’मध्ये किती गुण पडले, कोणत्या वर्गाचे किती विद्यार्थी वैद्यकीयला लागले, याचीच चर्चा. या गदारोळात कला शाखेकडे जाणाऱ्या किंवा वैद्यकीयची आशा सोडून दुसरी वाट धुंडाळणाऱ्या विद्यार्थ्याकडे पाहायला कोणाला सवड नसते. अशा विद्यार्थ्यांपैकी काहीजण मानसशास्त्राचा विचार करतात, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु बी. ए. करावे की बी. एस्सी., तीन वर्षांत बाहेर पडावे की चौथे वर्षही पुरे करावे, येथेच राहावे की पुणे गाठावे, हे त्यांना नीट समजावून सांगणारा माणूस सहसा भेटत नाही.

आपल्याकडे मानसशास्त्र हा बी. ए.च्या ऐच्छिक विषयांपैकी एक. इतिहास, राज्यशास्त्राच्या जोडीला तो घेतला जाई आणि पुष्कळदा त्यामागे प्रात्यक्षिकाच्या गुणांपलीकडे फारसा हेतू नसे. पुढे बी. एड. झाले की विषयाशी असलेला संबंध संपला. ही सवय आता मोडावी लागेल.

त्याचे एक कारण न्यायालयातून आले आहे. ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या विशाखापट्टणम येथील मृत्यूच्या प्रकरणात २५ जुलै २०२५ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे त्यांत म्हटले असून खासगी शिकवणी वर्गही त्यातून सुटलेले नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. ‘लातूर पॅटर्न’चा अभिमान बाळगणाऱ्यांनी हा आकडाही जवळ ठेवावा. खोल्या-खोल्यांतून राहणारी, डब्यावर जेवणारी, सोळा-सतरा वर्षांची मुले या दोन शहरांत हजारोंनी आहेत. त्यांच्यासाठी नेमावयाची माणसे येणार कोठून? राज्यातील चार जुनी मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात ज्यांनी घरची माणसे गमावली, त्यांच्या मनाची विचारपूस करायला आपल्या जिल्ह्यातली शिकलेली माणसे किती होती, हे आठवून पाहावे.

आता पर्यायांकडे वळू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीचा आराखडा बदलला आहे. विद्यार्थी एक मुख्य विषय घेतो आणि त्याच्या जोडीला एक दुय्यम. तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते; चौथे वर्ष केल्यास ऑनर्स पदवी मिळते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येते. ज्याला या विषयात पुढे काम करावयाचे आहे त्याने मानसशास्त्र हा मुख्य विषयच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दुय्यम विषय म्हणून तो समाजकार्याकडे किंवा अध्यापनाकडे जाणाऱ्याला उपयोगी पडेल. परंतु त्या बळावर मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात हक्काने शिरता येईल, हे गृहीत धरू नये.

बी. ए. आणि बी. एस्सी. यांचा वाद मात्र मला पोकळ वाटतो. कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली या विषयाचा स्वतंत्र विभाग निघाला तो प्रायोगिक मानसशास्त्राचा. प्रयोग आणि संख्याशास्त्र ही या विषयाची दोन्ही चाके बी. ए.लाही लागतात. तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी पदवीचे नाव पाहण्यापेक्षा महाविद्यालयाची प्रयोगशाळा पाहून यावी. मेमरी ड्रम, आरशात पाहून आकृती गिरविण्याचे उपकरण, बुद्धिमापनाच्या कसोट्या यांवर धूळ आहे की हात फिरलेला दिसतो, हे विचारण्यापेक्षा डोळ्यांनी पाहावे. प्राध्यापक पूर्णवेळ आहेत की तासिका तत्त्वावर, हेही विचारावे. विचारण्यात संकोच कसला?

नावांचा मोह ‘क्लिनिकल’ या शब्दापाशी सर्वांत मोठा. भारतीय पुनर्वास परिषदेने २०२४ पासून क्लिनिकल सायकॉलॉजीची चार वर्षांची बी. एस्सी. ऑनर्स पदवी सुरू केली आहे. वाट चांगली आहे. पण ज्या संस्थेत ती घ्यावयाची तिला परिषदेची मान्यता आहे की नाही, हे आधी तपासावे, कारण मान्यतेवाचून या शब्दाला किंमत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेच क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ कोणाला म्हणावे हे सांगून ठेवले आहे. साधी बी. ए. किंवा एम. ए. त्या व्याख्येत बसत नाही. परिषदेने मान्य केलेले, रुग्णांमध्ये राहून घेतलेले प्रशिक्षण तिथे लागते. चार रविवारी शिकवून ‘समुपदेशक’ म्हणून प्रमाणपत्र वाटणाऱ्यांच्या जाहिरातींबद्दल न बोललेलेच बरे.

नोकरी करणाऱ्या शिक्षक-कारकून वर्गासाठी एक गोष्ट विशेष महत्त्वाची. पत्राद्वारे वा मुक्त विद्यापीठातून मानसशास्त्राची पदवी घेण्याचा मार्ग आजवर आपल्या भागात अनेकांनी धरला. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून या विषयाचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद करण्यास सांगितले आहे. आरोग्यसेवेशी निगडित व्यवसायांच्या २०२१ च्या कायद्याच्या कक्षेत हा विषय येतो, हे त्याचे कारण. घर, नोकरी, शेती सांभाळून शिकणाऱ्या गृहिणींचे आणि शिक्षकांचे यात नुकसान आहे, हे नाकारता येत नाही. तरीही समोर माणूस न बसविता माणसाचे मन हाताळायला शिकविता येईल, असे मला वाटत नाही. वर्गशिक्षकाला पदवी नको, मुलाची अवस्था ओळखण्यापुरते ज्ञान हवे असेल, तर वर उल्लेखिलेल्या निकालाने सर्व कर्मचाऱ्यांसाठी वर्षातून दोनदा प्रशिक्षण सांगितले आहेच. ते आपल्या शाळेत कधी होणार, असे मुख्याध्यापकांना विचारता येईल.

राहिला प्रश्न पुण्याचा. घरची ऐपत बेताची असेल तर पदवी येथेच, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेतल्या महाविद्यालयात घ्यावी आणि पैसा पदव्युत्तर शिक्षणासाठी राखून ठेवावा. खरे कसब तिथे लागते. येथे राहण्याचा आणखी एक लाभ आहे. बिने यांच्या बुद्धिमापन कसोटीचे मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर डॉ. कामत यांनी धारवाडकडे १९३० च्या दशकात केले, कारण मुलाच्या भाषेतून विचारल्यावाचून मुलाचे मोजमाप होत नाही. देगलूर, मुखेड, उदगीर, निलंगा या पट्ट्यात मराठीबरोबर तेलुगू, कानडी, उर्दू आणि गोरमाटी बोलणारी घरे आहेत. तांड्यावरून आलेले पोर इंग्रजी प्रश्नावलीपुढे गप्प बसते. त्याच्याशी बोलू शकणारा विद्यार्थी आपल्याच गावांत असतो.

मात्र त्याला पुढे नेमणार कोण आणि कोणत्या वेतनावर? न्यायालयाने नेमणूक सांगितली आहे. ती पूर्णवेळ असेल की तासिका तत्त्वावर, हे मात्र वर्गचालक आणि संस्थाचालक यांनी अद्याप जाहीरपणे सांगावयाचे आहे.