काटा आणि हीटर: जुना ट्रक का तापतो, हे कसं ओळखावं

जुना ट्रक घाटात तापू लागला की सामान बदलण्याची रांग लागते. आधी थर्मोस्टॅट, मग वॉटर पंप, मग रेडिएटर. आणि एवढा खर्च होऊनही पुढच्या चढाला काटा पुन्हा लाल पट्ट्यात. केबिनमधला हीटर गार वारा फेकत असेल, तर ती तक्रार कोणी मनावर घेत नाही. महाराष्ट्रात हीटर लागतो तरी किती दिवस? पण नाशिकचा कांदा भरून जानेवारीत दिल्लीकडे निघालेल्या चालकाला धुक्यात काचेवरचं बाष्प घालवायला तोच लागतो. शिवाय हा हीटर इंजिनाच्या कूलिंगचाच एक भाग आहे. तापमानाचा काटा आणि हीटरचा वारा एकत्र तपासले, तर निम्मं निदान पाना हातात घेण्याआधीच होतं.

एकच पाणी, दोन रेडिएटर

इंजिनात जळणाऱ्या डिझेलच्या ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांश भाग कूलंटमध्ये उतरतो. वॉटर पंप हे कूलंट ब्लॉक आणि हेडमधून फिरवतो. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट बंद असतो, त्यामुळे पाणी रेडिएटरकडे न जाता बायपासमधून आणि हीटरच्या नळ्यांतून फिरत राहतं. इंजिन तापलं की थर्मोस्टॅट उघडतो आणि पुढच्या मोठ्या रेडिएटरची वाट मोकळी होते.

डॅशबोर्डमागचा हीटर कोर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. त्याच्या बारीक नळ्यांतून गरम पाणी जातं आणि ब्लोअर त्यावरून हवा केबिनमध्ये ढकलतो. म्हणजे हीटर गरम वारा देत असेल, तर गरम पाणी तिथवर पोचतंय एवढं नक्की.

लक्षणांची जोडी लावा

इंजिन पूर्ण तापू द्या, हीटर सर्वांत गरम खुणेवर ठेवा आणि चारपैकी कोणती जोडी दिसते ते पाहा.

- काटा वर, हीटर गार: कूलंट कमी झालंय, आत हवा अडकलीय किंवा पंप पाणी फिरवत नाही. ही सर्वांत धोक्याची जोडी. गाडी लगेच बाजूला घ्या.
- काटा वर, हीटर कडक गरम: पाणी फिरतंय, पण उष्णता बाहेर पडत नाही. संशय रेडिएटर, पंखा किंवा पुरता न उघडणाऱ्या थर्मोस्टॅटवर.
- काटा खालीच, हीटर कोमट: थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा कोणीतरी काढून टाकलाय.
- काटा मध्यावर, हीटर गार: इंजिन बहुधा ठीक आहे; दोष हीटरच्याच भागात असावा, पण पातळीही पाहा.

काट्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. कूलंटची पातळी सेन्सरच्या खाली गेली, तर सेन्सर पाण्याऐवजी वाफेत उघडा पडतो आणि इंजिन भाजत असतानाही काटा खाली येऊ शकतो. शंका आली, तर लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन थर्मोस्टॅटच्या घरावर धरा आणि तो आकडा काट्याशी ताडून पाहा.

पाणी, गळती आणि कॅप

पहिली तपासणी इंजिन पूर्ण गार असतानाच करायची. तापलेल्या रेडिएटरची कॅप उघडली, तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. पातळी पाहा, होज पाइप दाबून पाहा. फुगलेला, भेगाळलेला किंवा पिठासारखा मऊ झालेला पाइप बदलायचाच. वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला एक छोटं छिद्र असतं. तिथून ओघळ आला असेल, तर पंपाचं सील गेलं. केबिनमध्ये गोडसर वास, काचेवर आतून तेलकट बाष्प आणि डॅशबोर्डखाली ओलसर मॅटिंग ही हीटर कोर गळत असल्याची खूण.

बाहेरून काहीच दिसत नसेल, तर हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावा. कॅपवर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरून काही मिनिटं थांबा. टेस्टरचा काटा उतरू लागला, तर गळती आहेच. ती बाहेर दिसत नसेल तर आत शोधायची.

कॅप फक्त झाकण नाही. १ बारची कॅप दाब धरून ठेवते म्हणून आतलं साधं पाणीही १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळतं. कॅपचं रबर कडक झालं की हा फायदा गेला. उंचीवर तर त्याची फार मोठी किंमत पडते: सुमारे ३,५०० मीटर उंचीवरच्या लेहमध्ये उघडं पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळू लागतं. म्हणूनच कॅप बदलण्याचं हे स्वस्तातलं काम आधी करा आणि कंपनीने सांगितलेल्या दाबाचीच कॅप लावा.

थर्मोस्टॅटची परीक्षा

थर्मोस्टॅटमध्ये मेणाची एक डबी असते. मेण वितळून फुगतं आणि झडप ढकलतं. बहुतेकांवर उघडण्याचं तापमान कोरलेलं असतं, उदाहरणार्थ ८२ किंवा ८८. थर्मोस्टॅट काढून पातेल्यातल्या पाण्यात तारेने टांगा, शेजारी तापमापक धरा आणि पाणी तापवा. कोरलेल्या आकड्याजवळ झडप हलू लागली पाहिजे आणि आणखी दहा-पंधरा अंशांनी पूर्ण उघडली पाहिजे. पाणी गार होताना ती बंदही व्हायला हवी.

उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा, अशी पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्याने इंजिन कायम थंड चालतं, डिझेल जास्त जळतं, झीज वाढते आणि हीटर कधीच गरम होत नाही. काही इंजिनांत उघडलेला थर्मोस्टॅट बायपासचं तोंड बंद करतो. तिथे तो काढला, तर बरंचसं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं आणि गाडी उलट जास्तच तापते.

कधी तापतो, यावरून वारा की पाणी

ट्रॅफिकमध्ये किंवा उभ्या गाडीत काटा चढतो आणि हमरस्त्यावर उतरतो, तर वारा कमी पडतोय. फॅन बेल्ट सैल आहे का, पंख्याभोवतीचं आवरण जागेवर आहे का, रेडिएटरच्या जाळीत माती, भुसा, किडे अडकले आहेत का, ते पाहा. जाळी धुताना पाणी पंख्याच्या बाजूकडून पुढे मारा, म्हणजे कचरा आत न बसता बाहेर येतो. व्हिस्कस फॅन असेल, तर इंजिन तापवून बंद करा आणि पंखा हाताने फिरवा. गरम असताना तो अवघड फिरला पाहिजे. सहज गरगरला, तर पंख्याचा क्लच गेला.

उलट सपाट रस्त्यावर ठीक आणि कसारा किंवा खंबाटकीच्या चढाला, भरल्या मालानिशी तापतो, तर पाण्याचा प्रवाह अपुरा आहे. रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचलेत, पंपाची पाती झिजलीत किंवा खालचा होज पाइप जास्त आरपीएमला आत ओढला जाऊन चपटा होतोय. इन्फ्रारेड गनने रेडिएटरचा पृष्ठभाग ठिकठिकाणी मोजा. मध्येच एखादा पट्टा फारच गार लागला, तर तिथल्या नळ्या तुंबल्या आहेत. अशा रेडिएटरला नुसतं फ्लशिंग पुरेलच असं नाही. टाक्या उघडून नळ्यांत सळई घालून साफ करावा लागतो, नाहीतर बदलावा लागतो.

हीटरच्या दोन नळ्या

हीटरकडे एक नळी जाते आणि दुसरी परत येते. इंजिन तापल्यावर दोन्ही जपून चाचपा. दोन्ही गरम असतील आणि वारा गार, तर दोष हवेच्या वाटेत आहे: आतला फ्लॅप अडकलाय किंवा त्याची तार तुटलीय. वाराच येत नसेल, तर फ्यूज आणि ब्लोअर पाहा. एक नळी गरम आणि दुसरी जेमतेम कोमट असेल, तर कोर तुंबलाय. दोन्ही गार असतील, तर गरम पाण्याचा वॉल्व्ह बंद अडकलाय, हवा कोंडलीय किंवा पातळी कमी आहे.

तुंबलेला कोर नळ्या सोडवून दोन्ही दिशांनी हलक्या दाबाच्या पाण्याने धुता येतो. जोर लावला, तर जुना कोर फुटतो. कोर फुटलाच आणि माल पोचवायचा असेल, तर दोन्ही नळ्या परस्परांना जोडून तो तात्पुरता वगळता येतो.

गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकायची जुनी युक्ती सगळ्यांना माहीत आहे. बाजारातल्या लीक-स्टॉप पावडरीही त्याच जातीच्या. बारीक छिद्र काही काळ बुजतं, हे खरं. पण तोच गाळ हीटर कोरच्या नळ्यांतही बसतो. वेळ मारून नेली, तर गावी पोचताच पूर्ण यंत्रणा धुऊन घ्या.

हेड गॅस्केटचा संशय

गार इंजिन सुरू करून मिनिटभरातच वरचा होज पाइप दगडासारखा कडक झाला, रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे आले, धुराड्यातून पांढरी वाफ थांबेना किंवा ऑइल दुधाळ झालं, तर हेड गॅस्केट गेली असावी: ज्वलनातला वायू कूलंटमध्ये किंवा कूलंट सिलिंडरमध्ये वा ऑइलमध्ये शिरतंय. खात्रीसाठी निळ्या द्रावाची चाचणी असते: रेडिएटरच्या तोंडाशी साचलेली हवा द्रावातून ओढायची, त्यात जळालेला वायू असेल, तर रंग बदलतो. हेड खोलण्याचा खर्च या चाचणीनंतरच करावा. हेड उतरवलंच, तर ते वाकलंय का हेही तपासून घ्या, नाहीतर नवी गॅस्केटही टिकणार नाही.

भरताना काय भरायचं

दख्खनच्या बोअरवेलचं जड पाणी रेडिएटरमध्ये ओतणं म्हणजे क्षारांचा आणखी एक थर चढवणं. क्षारमुक्त पाणी आणि ग्लायकोल निम्मे-निम्मे घेतले, तर मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं आणि गंजही रोखतं. कूलंटचा रंग पाहून जात ठरवू नका. गाडीच्या पुस्तकातला प्रकार वापरा. दोन जातींची भेसळ केली, तर गाळ होऊ शकतो.

हीटरचा वॉल्व्ह उघडा ठेवून सावकाश भरा आणि हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तो सैल करा. इंजिन चालवून, गार करून पातळी पुन्हा पाहा. जुनं कूलंट गटारात ओतू नका. ते विषारी आहे आणि गोड लागत असल्याने जनावरं ते चाटतात.

घाटात काटा चढला, तर

एसी असेल तर बंद करा, हीटर आणि ब्लोअर पूर्ण चालू करा, खालचा गिअर घ्या. हीटर गरम वारा देत असेपर्यंत तो थोडी उष्णता बाहेर काढतो. काटा उतरला नाही, तर थांबा आणि इंजिन निवल्यावरच कॅप उघडा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं, तर हेड तडकू शकतं.

दुरुस्ती झाल्यावर रिकामी गाडी गल्लीत फिरवून समाधान मानू नका. भरल्या मालाने चढ चढवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनाची पातळी खुणेशी ताडून पाहा. रोज थोडं पाणी घालावं लागणं ही जुन्या गाडीची खोड नव्हे. बंद यंत्रणेतलं पाणी कमी होत असेल, तर ते कुठून तरी जातंय आणि तुमचा शोध अजून संपलेला नाही.